सनरूफ उघडतं हो, पण गाडी चढावर थांबते का?

आपल्या वाईत सध्या दोन प्रकारचे कारवाले आहेत. एकाच्या गाडीत ऑटो होल्डचं बटण आहे, पण ते कशाचं आहे हे त्याला ठाऊक नाही. दुसऱ्याच्या गाडीत ते नाही आणि तो कट्ट्यावर छाती काढून सांगतो, "असली थेरं कशाला पायजेत? हाफ क्लचवर गाडी धरता येत नाही त्यानं बैलगाडी हाकावी."

मला आज या दोघांशीही भांडायचंय. आणि दोघांशी भांडून झालं की, हे बटण उचलून वरच्या व्हेरियंटमध्ये सनरूफच्या शेजारी नेऊन ठेवणाऱ्यांशी. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बऱ्याच जणांना वाटतं ऑटो होल्ड म्हणजे आपोआप लागणारा हँडब्रेक. तसं नाही. तुम्ही ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवली की ब्रेकच्या पाइपात जो दाब तयार झालेला असतो, तो गाडीतलं एक व्हॉल्व्ह-पंपाचं युनिट तसाच कोंडून ठेवतं. पाय काढला तरी ब्रेक चारही चाकांवर धरलेला. अॅक्सिलरेटर दाबला की दाब सुटतो आणि गाडी निघते. मागचे ब्रेक लाइट तेवढा वेळ चालूच राहतात, त्यामुळे मागच्याला कळतं की ही गाडी थांबलीये. फार वेळ तसंच उभं राहिलात, किंवा बेल्ट काढला, दार उघडलं, तर बहुतेक गाड्या ते काम इलेक्ट्रिक हँडब्रेककडे सोपवतात.

आता त्याचा धाकटा भाऊ, हिल होल्ड. हा फक्त चढावर जागा होतो. ब्रेकवरून पाय काढला की साधारण दोन-तीन सेकंद गाडी धरतो आणि मग सोडून देतो. दोन-तीन सेकंदच, हे लक्षात ठेवा. तेवढ्यात तुम्ही ब्रेकवरचा पाय अॅक्सिलरेटरवर नेणं अपेक्षित आहे. या दोघांतला फरक माहीत नसलेली माणसं हिल होल्डच्या भरवशावर बाटली उचलायला वाकतात आणि गाडी मागं येते. मग शिव्या फीचरला.

ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेत स्टुडबेकर कंपनीनं १९३६ साली आपल्या गाडीत 'हिल होल्डर' नावाची सोय दिली होती. कॉम्प्युटर नव्हता, सेन्सर नव्हता, चढावर ब्रेकचा दाब कोंडून धरणारी साधी यांत्रिक युक्ती होती. म्हणजे स्वातंत्र्याच्या अकरा वर्षं आधी दुसऱ्या देशात एका कंपनीला वाटलं की माणसाला दोनच पाय असतात आणि पेडल तीन. आपल्याकडे आज २०-२० लाखांची गाडी घेणारा माणूस विचारतो, "याचा उपयोग काय?"

उपयोग काय ते पसरणीच्या घाटात उभं राहून बघा.

नाताळ, दिवाळीची सुट्टी, मे महिना, नाहीतर शुक्रवार धरून आलेला कुठलाही जोड-वीकेंड. पाचगणीकडं चढणारी रांग घाटातच तुंबते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा, मध्ये पुण्या-मुंबईच्या गाड्या, टेम्पो ट्रॅव्हलर, भाजीचा पिकअप, आपली एसटी, आणि या सगळ्यांच्या फटीत घुसलेल्या दुचाक्या. रांग दहा फूट सरकते, थांबते. परत दहा फूट, परत थांबा. दीड-दोन तासांत एक माणूस शंभर वेळा चढावर गाडी थांबवतो आणि शंभर वेळा उचलतो. नव्याण्णव वेळा बरोबर जमलं, तरी शंभराव्या वेळी मागं कोण उभं आहे यावर सगळं ठरतं.

मागं कोण असतं? आपल्याकडे मागच्या गाडीला चिकटून उभं राहायची रीतच आहे. हातभर जागा सोडली तर दुसरा कोणी तिथं घुसेल, ही भीती. त्यामुळे कारच्या बंपरला जवळजवळ टेकून दुचाकी उभी असते. पुढं टाकीवर पोरगं, मागं बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोरगं. चढावर त्या माणसाचा एक पाय जमिनीवर, एक ब्रेकवर. त्याला मागं सरकता येत नाही, कारण त्याच्या मागं पिकअप आहे. अशा वेळी पुढची कार दोन फूट मागं आली तर त्यानं जायचं कुठं?

दोन फूट कुठून काढले म्हणाल, तर शाळेतलं गणित आहे. एकास पंधरा असा चढ धरा, म्हणजे पंधरा फूट पुढं गेल्यावर एक फूट वर. घाटात असा चढ काही विशेष नाही. घर्षण वगैरे सोडून दिलं तर अशा चढावर मोकळी सोडलेली गाडी पहिल्या सेकंदात साधारण एक फूट मागं येते. दोन सेकंदांत चार फूट. तीन सेकंदांत साडेनऊ फूट. वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट होतं, ही त्यातली खरी गोम आहे. खरी गाडी चाकांच्या घर्षणामुळे थोडी कमी सरकेल, मान्य. पण ब्रेकवरून पाय उचलून अॅक्सिलरेटरवर नेऊन इंजिननं ओढ धरेपर्यंत नवख्याला सेकंद-दीड सेकंद सहज जातो. क्लच चुकीच्या जागी सुटून गाडी बंद पडली, की तो घाबरतो, चावी फिरवतो, आणि तेवढ्यात मागून किंकाळी येते.

असल्या घटना तुम्हाला पेपरात दिसत नाहीत. मी या धंद्यात आहे, त्यामुळे का दिसत नाहीत तेही सांगतो. कोणी मेलं नाही तर ती बातमीच होत नाही. गाडीचा दिवा फुटला, दुचाकीचं मडगार्ड वाकलं, बाईच्या पायाला खरचटलं, दोघांची बाचाबाची झाली, दोन-तीन हजारांत मिटलं. पोलिसांत नोंद नाही, विम्याचा दावा नाही, आकडा नाही. आणि सरकारी टेबलावर ज्याचा आकडा नाही ती गोष्ट घडतच नाही.

आता त्या छाती काढणाऱ्यांकडं येतो.

हाफ क्लच ही कला आहे, मी नाकारत नाही. हँडब्रेक ओढून, क्लच चावायला लागेपर्यंत सोडून, गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक खाली, ही खरी पद्धत. ज्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी ती शिकवली त्यांना नमस्कार. पण कट्ट्यावरचे पैलवान ही पद्धत वापरतच नाहीत. ते हँडब्रेकला हात न लावता क्लच अर्धा दाबून, अॅक्सिलरेटर देऊन गाडी चढावर नुसती तरंगत ठेवतात आणि त्यालाच कौशल्य म्हणतात. घाटात कुठल्याही रविवारी जळक्या क्लच प्लेटचा वास येतो, तो या कौशल्याचा वास आहे. वर पोचेपर्यंत गाडी उचलायची बंद होते. मग टोइंग, गॅरेज, आणि क्लच प्लेटचं बिल पाच आकडी.

शिवाय एक प्रश्न. तुम्ही वीस वर्षं गाडी चालवताय म्हणून तुम्हाला जमतं. पण रस्त्यावर फक्त तुम्हीच आहात का? परवा लायसन्स मिळालेलं पोरगं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले रिटायर गुरुजी आहेत. चाळिशीत गाडी शिकलेल्या, दवाखान्यात सासऱ्यांना घेऊन निघालेल्या वहिनी आहेत. वहिनींची गाडी वीतभर मागं आली की मागून पहिलं वाक्य ठरलेलं: "बाई चालवतीये वाटतं." पुरुषाची हातभर आली तर "चढच लई हाय राव." रस्ता कसा असावा, गाडी कशी असावी, हे सगळ्यात कसलेल्या माणसाला धरून ठरवायचं नसतं. तो कसाही निभावून नेतो. ते सगळ्यात नवख्या माणसाला धरून ठरवायचं असतं, कारण धक्का त्याच्या गाडीचा बसतो.

आणि पूर्वी तरी कुठं सगळं कौशल्यावर चाललं होतं? जुन्या ट्रकवर क्लीनर कशासाठी असायचा? घाटात गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायला. गाडी निघाली की तोच दगड उचलून पळत केबिनमध्ये चढायचं. त्यात किती पोरांची बोटं गेली, पाय गेले, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. ते दगड घाटात वळणावळणावर पडलेले असायचे आणि रात्री त्याच्यावर दुचाक्या आपटायच्या. ऑटो होल्ड म्हणजे तो क्लीनर आणि तो दगड, दोन्ही एका बटणात. याला थेरं म्हणणाऱ्यानं एकदा दगड घेऊन चाकामागं वाकून दाखवावं.

आता एका प्रकारच्या गाडीबद्दल वेगळं लिहितो, कारण आपल्या भागात ती घरोघर झालीये आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. एएमटी. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून तिचा खरा बोलबाला झाला. स्वस्तात ऑटोमॅटिक, क्लच नाही, मायलेज चांगलं. लोकांनी उड्या टाकल्या आणि बरोबरच केलं. पण एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच गाडी आहे. क्लच तोच, फक्त तो दाबायला तुमच्या पायाऐवजी मशीन. महागड्या ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडला तरी गाडी पुढं थोडी ओढ धरते. एएमटीत ती ओढ बेताची असते, सपाट रस्त्यावर पुरते, घाटात पुरत नाही. ब्रेक सोडला की गाडी मागं. आणि आता तुमच्याकडे क्लचचं पेडलच नाही, म्हणजे हाफ क्लचवाल्यांची ती सुप्रसिद्ध कलाही वापरता येत नाही! मग माणूस काय करतो? अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर धरतो. आत मशीन बिचारं क्लच घासत बसतं, तापतं, आणि शेवटी इशारा देतं.

सुरुवातीच्या अनेक एएमटी गाड्यांत हिल होल्ड नव्हतं. ज्या गाडीला त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच गाडीत ते नाही. आजही जुन्या बाजारातून अशी गाडी घेऊन लोक निवांत महाबळेश्वरला निघतात. तुमच्या घरात असेल तर एवढं करा: चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा, अॅक्सिलरेटर देऊन गाडीनं ओढ घेतली की मग सोडा. अॅक्सिलरेटरवर तरंगत ठेवू नका.

हां, आता कंपन्या.

मध्यंतरी मेहुण्याबरोबर गाडी बघायला एका शोरूमला गेलो होतो. शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडेही हेच ऐकायला मिळतं. सेल्समन चांगला पोरगा होता, बोलायला गोड. सनरूफवर पाव तास बोलला. सीटखालचे रंगीत दिवे दाखवले. आवाजावर उघडणारी काच दाखवली. मी विचारलं, "ऑटो होल्ड कुठल्या व्हेरियंटपासून आहे?"

"सर, टॉपला आहे. पण सनरूफ मधल्यापासूनच मिळतं!"

"आणि टेस्ट ड्राइव्हला जरा चढ असलेल्या रस्त्यानं जाऊया का?"

"सर, रूट ठरलेला असतो."

रूट म्हणजे सपाट सर्व्हिस रोड. मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, सनरूफ पोरांना आवडतं हो." मी म्हटलं, "आवडू दे की. पण तुझा पगार आणि तुझा घाट बघून घे."

यात कंपनीचं गणित मला कळत नाही असं नाही. ऑटो होल्डला बहुतेक वेळा इलेक्ट्रिक हँडब्रेक लागतो, त्याला मागच्या चाकांवर मोटर लागते, आणि खालच्या व्हेरियंटला मागं ड्रम ब्रेक आणि मधे ओढायचा साधा दांडा. खर्च आहे, मान्य. पण हिल होल्डचं काय? गाडी घसरताना सावरणारी जी ईएससी नावाची यंत्रणा असते, तिच्यात दाब कोंडणारं युनिट आधीच असतं. ज्या गाडीत ईएससी आहे तिला हिल होल्ड देणं हे बरंचसं सॉफ्टवेअरचं काम आहे. एथरनं २०२३ मध्ये आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरला सॉफ्टवेअर अपडेटमधून ऑटो होल्ड दिलं. स्कूटरला! दीड लाखाची स्कूटर चढावर मागं सरकत नाही आणि आठ लाखांच्या गाडीवाल्याला सांगायचं की साहेब, त्यासाठी आणखी लाख-दीड लाख घाला, वर सनरूफही मिळेल.

बरं, पैसा नाही असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गाड्या स्वस्त झाल्या, शोरूमला रांगा लागल्या. त्या वाचलेल्या पैशात किती जणांनी ईएससी, हिल होल्ड बघून व्हेरियंट निवडलं आणि किती जणांनी सनरूफ बघून, हे सेल्सवाल्यांना विचारा. दोष अर्धा आपला आहे. आपण जे विचारत नाही ते कंपनी देत नाही. कंपनी धर्मादाय संस्था नाही.

पण उरलेला अर्धा दोष सरकारचा, आणि तो मी सोडणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये पक्क्या लायसन्सची चाचणी कशी घ्यायची ते लिहिलंय. नियम १५. त्यात एक अट अशी आहे की उमेदवारानं तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक किंवा अॅक्सिलरेटर-ब्रेकचा नीट वापर करून, गाडी मागं सरकू न देता परत चालू केली पाहिजे. परत वाचा: मागं सरकू न देता. म्हणजे चढावर मागं सरकणारी गाडी धोकादायक आहे हे सरकारला १९८९ पासून माहीत आहे. आता तुम्ही सगळे लायसन्सधारक आठवून बघा, तुमच्या चाचणीत खरा चढ होता का? की सपाट मैदानात एक आठचा आकडा काढला आणि "चला, पुढचा"? ज्याच्या चाचणीत खरा चढ होता त्यानं खाली लिहावं, मला मोजायचंय.

म्हणजे माणसाची परीक्षा कागदावर, आणि मशीनवर सक्ती नाही. सक्ती केली की काय होतं तेही आपण पाहिलंय. एबीएस एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना आलं. ड्रायव्हरची एअरबॅग आणि बेल्टची पीं-पीं जुलै २०१९ पासून. पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२१ च्या अखेरीपर्यंत. प्रत्येक वेळी ओरड झाली की गाडी महागणार, गरिबाला परवडणार नाही. परवडली की! आज एबीएस नसलेली नवी कार कोणी मागत नाही. मग सहा एअरबॅगचं आलं, तारीख ठरली, पुढं ढकलली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्र्यांनीच सांगितलं की सक्ती नाही. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून भारत एनसीएपी सुरू झालं. चांगली गोष्ट. तिथं तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी लागतं. पण ती चाचणी ऐच्छिक! परीक्षा द्यायची की नाही हे विद्यार्थ्यानंच ठरवायचं, असला कारभार. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ईएससी सक्तीचं आहे. तिथला माणूस तर घाटात बंपरला दुचाकी चिकटवून उभाही राहत नाही.

माझी मागणी साधी आहे. ईएससी प्रत्येक कारला, आणि ईएससीबरोबर हिल होल्ड प्रत्येक कारला, अगदी सगळ्यात खालच्या व्हेरियंटला. क्लच नसलेल्या गाडीला तर आधी. ऑटो होल्ड हा त्याच्या पुढचा टप्पा, आणि जिथं इलेक्ट्रिक हँडब्रेक दिलाय तिथं ते वेगळे पैसे न घेता द्या. कारण दांडा काढून घेतला म्हणजे हँडब्रेकवर गाडी उचलायची जुनी पद्धतही तुम्ही काढून घेतलीत. एक काढलं तर दुसरं द्यायला नको?

आणि फक्त कारवाल्यांचं रडगाणं नाही हे. आपला एसटीचा ड्रायव्हर बघा. पन्नास माणसं पाठीमागं, जड क्लच, तोच घाट, तीच रांग, दिवसातून दोन-दोन फेऱ्या. त्याच्या गुडघ्याला विचारा. महामंडळ नव्या गाड्या घेतं तेव्हा निविदेत चढावर धरणारी सोय लिहिलेली असते का, हा प्रश्न आपल्या आमदारांनी अधिवेशनात विचारायला हरकत नाही. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, तेव्हाही लोक हसले होते की ट्रक ड्रायव्हरला एसी कशाला. चाळीस डिग्रीत बारा तास इंजिनशेजारी बसून बघा म्हणजे कळेल कशाला.

आता जे म्हणतात की या सोयींनी माणूस आळशी होतो, त्यांच्यात थोडं तथ्य आहे, ते लपवत नाही. पाय मोकळा झाला की हात मोबाइलकडं जातो, हे मी रोज बघतो. सिग्नलला ऑटो होल्ड लावून रील बघत बसलेला माणूस मागच्यानं हॉर्न मारल्यावर दचकून अॅक्सिलरेटर दाबतो आणि गाडी उसळते. दोष त्याचा आहे, पण तो तसा वागणार हे धरूनच चाललं पाहिजे. दुसरं, पार्किंगमध्ये इंच-इंच गाडी हलवताना ऑटो होल्ड मधे येतं, गाडी अडखळते, मग जोरात अॅक्सिलरेटर दिला जातो. भिंतीजवळ, दुसऱ्या गाडीजवळ, पोरं खेळत असतील तिथं ते बंद करा. बटण त्यासाठीच दिलंय. तिसरं, गाडीतून उतरताना ऑटो होल्डवर सोडून उतरू नका. गाडी आपोआप हँडब्रेक लावेल, बहुतेक वेळा लावतेच, पण पार्क करताना हँडब्रेक हातानं लावायचा आणि चाक कठड्याकडं वळवून ठेवायचं. यंत्राला संधी द्या, जीव देऊ नका.

आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं. ऑटो होल्ड थांबलेली गाडी धरतं. पळणारी गाडी नाही. पाचगणीहून खाली येताना ब्रेकवर पाय ठेवून, न्यूट्रलला टाकून, पेट्रोल वाचवत येणाऱ्यांना कुठलंही बटण वाचवणार नाही. पुण्याचा नवले पूल आठवा. २० नोव्हेंबर २०२२ ला त्या उतारावर एका गाडीनं कित्येक वाहनांना ठोकलं होतं. उताराला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला या, इंजिनलाच गाडी अडवू द्या. ज्या गिअरला चढता त्याच गिअरला उतरा, हे जुन्या ड्रायव्हरचं म्हणणं आजही खरं आहे, गाडीत कितीही बटणं आली तरी.

कोणी म्हणेल, पत्रकारानं रस्त्यातल्या खड्ड्यांवर लिहावं, घाटातल्या कोंडीवर लिहावं, बटणांवर कसलं लिहितोय. खड्ड्यांवर लिहितोच. कोंडीवरही लिहिलंय: पर्यटक कराच्या नाक्यावर गाड्या एकेक थांबवून पावत्या फाडल्या की त्याची शेपूट घाटापर्यंत जाते, हे किती वेळा लिहायचं? पण घाट रुंद होईल तेव्हा होईल. कोंडी सुटेल तेव्हा सुटेल. तोवर त्या रांगेत कार उभ्या राहणारच आहेत आणि त्यांच्या मागं टाकीवर पोरगं बसवलेली दुचाकीही.

दसऱ्या-पाडव्याला गाडी बुक करणाऱ्यांनी शोरूममध्ये तीन गोष्टी विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या. या व्हेरियंटला ईएससी आहे का? हिल होल्ड आहे का? ऑटो होल्ड असेल तर गाडी दर वेळी चालू केल्यावर बटण परत दाबावं लागतं का? (काही गाड्यांत लागतं, आणि मग लोक विसरतात.) टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर घेऊ नका. चढ नसेल तर शोधा, सातारा जिल्ह्यात चढाला तोटा नाही. तिथं गाडी थांबवा, ब्रेकवरून पाय काढा आणि मनात तीन आकडे मोजा. मागं कोणी उभं नाही ना, तेवढं मात्र आधी बघा.

आणि ज्यांच्या गाडीत ते बटण आहे, ते गिअरच्या मागं असेल, त्यावर एक वर्तुळ आणि आत एक अक्षर किंवा 'ऑटो होल्ड' असं लिहिलेलं असेल. या शनिवारी पाहुणे घेऊन वर निघालात तर दाबा ते. हिरवा दिवा लागला पाहिजे.